पाण्यातील औषध आणि कोळशाचा पहारा

‘कोळसा उगाळावा तितका काळाच’, असे आपण ज्याचा स्वभाव कधी सुधारत नाही त्याच्याविषयी म्हणतो. म्हण खोटी नाही. परंतु त्याच कोळशावर योग्य संस्कार केले, तर तो रंगीत पाणी निर्मळ करतो, दुर्गंधी नाहीशी करतो आणि डोळ्यांना न दिसणारी, जिभेला न कळणारी द्रव्येही पाण्यातून वेचून घेतो. अशा द्रव्यांपैकी एका विशेष वर्गाचा विचार या वेळी आपल्यापुढे मांडावयाचा आहे. हा वर्ग विषांचा नव्हे, तर औषधांचा आहे. औषध योग्य जागी अमृत ठरते. तेच भलत्या जागी गेले म्हणजे काय होते, हे प्रत्येक कुटुंबाने जाणून घेण्याजोगे आहे.

ज्या औषधांना आपण ‘अँटिबायोटिक’ म्हणतो, त्यांना मराठीत प्रतिजैविके हे नाव रूढ झाले आहे. १९२८ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना बुरशीपासून निर्माण होणाऱ्या पेनिसिलिनचा शोध लागला. १९४३ मध्ये अमेरिकेत सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसिन सापडले आणि क्षयरोगावर प्रथमच परिणामकारक औषध हाती आले. आपल्या देशात १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पुण्याजवळ पिंपरी येथे ‘हिंदुस्तान अँटिबायोटिक्स’ हा सरकारी कारखाना स्थापन झाला, तो ही औषधे सर्वसामान्य माणसाला परवडावीत याच हेतूने. न्यूमोनियाने तापलेले मूल, बाळंतरोगाने खचलेली माता, साध्या जखमेतून विषबाधा झालेला शेतकरी यांना मृत्यूच्या दारातून परत आणण्याचे सामर्थ्य या औषधांनी वैद्याच्या हाती दिले. आज शस्त्रक्रिया निर्धास्तपणे होतात, त्यांच्या पाठीशीही हेच सामर्थ्य उभे आहे.

हे सामर्थ्य मात्र अक्षय नाही. १९४५ च्या डिसेंबरात नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या व्याख्यानात फ्लेमिंग यांनीच इशारा दिला होता, की अपुऱ्या मात्रेत दिलेल्या पेनिसिलिनने जंतू मरणार नाहीत, उलट ते औषधाला दाद देईनासे होतील. तो इशारा खरा ठरला आहे. जगातील अनेक देशांची माहिती एकत्र करून केलेल्या आणि १९२२ नव्हे, तर एका शतकानंतर, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अभ्यासानुसार, २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे मृत्युमुखी पडली. हा प्रश्न केवळ रुग्णालयापुरता आहे, असे आपण बरीच वर्षे मानीत आलो. त्याचा एक मोठा भाग पाण्यात आहे, हे आता स्पष्ट झाले आहे.

औषध पाण्यात जाते कसे? पहिला मार्ग आपल्या शरीरातूनच जातो. घेतलेले सगळे औषध शरीरात जिरत नाही. अमॉक्सिसिलिन हे अगदी नेहमीचे औषध घ्या. त्याच्या मात्रेचा सुमारे साठ टक्के भाग काही तासांतच लघवीवाटे, जसाच्या तसा, बाहेर पडतो. तेथून तो गटारात आणि गटारातून नदीत जातो. दुसरा मार्ग जनावरांचा आहे. कोंबड्या, डुकरे, मासे यांच्या पैदाशीच्या ठिकाणी दिलेली औषधे मलमूत्रातून जमिनीत आणि पाण्यात उतरतात. तिसरा मार्ग घराघरांतील उरलेल्या गोळ्यांचा, ज्या आपण मोरीत किंवा शौचकूपात टाकून मोकळे होतो. चौथा आणि काही ठिकाणी सर्वांत भयंकर मार्ग म्हणजे औषधे तयार करणाऱ्या कारखान्यांचे सांडपाणी.

या चौथ्या मार्गाचे उदाहरण आपल्याच देशातील आहे. हैदराबादजवळच्या पटनचेरू भागात औषधांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन होते. तेथील सुमारे नव्वद औषध कारखान्यांचे सांडपाणी ज्या सामाईक केंद्रात शुद्ध केले जाई, त्या केंद्रातून शुद्धीकरणानंतर बाहेर पडणाऱ्या पाण्याची स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी तपासणी केली. तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. त्या पाण्याच्या एका लिटरात सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाचे प्रमाण ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. हा आकडा किती मोठा आहे, हे एका घरगुती हिशेबाने समजेल. या औषधाची नेहमीची गोळी ५०० मिलिग्रॅमची असते. म्हणजे त्या पाण्याच्या मोठ्या हंड्यात, सोळा लिटरांत, एक पूर्ण गोळी विरघळलेली होती. रुग्णाने ही गोळी घेतल्यावर त्याच्या रक्तात औषधाचे जे कमाल प्रमाण होते, त्याच्या दसपटीहून ते अधिक होते. दिवसाकाठी सुमारे ४४ किलोग्रॅम, म्हणजे जवळजवळ ८८ हजार गोळ्यांइतके औषध, पाण्यावाटे वाहून जात असल्याचा अंदाज त्या शास्त्रज्ञांनी केला. संपूर्ण स्वीडन देशाला तेवढे औषध पाच दिवस पुरले असते.

ते पाणी ज्या ओढ्यांत जाई, ते नक्कवागूमार्गे मांजरा नदीला मिळतात. बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरांत उगम पावलेली हीच आपली मांजरा लातूर, बिदर ओलांडून तेलंगणात जाते आणि पुढे गोदावरीला मिळते. नदीला राज्यांच्या सीमा ठाऊक नसतात, मग जंतूंना त्या कोठून ठाऊक असणार?

येथे एक शंका साहजिकच मनात येईल. पटनचेरूसारखी स्थळे वगळली, तर एरवी नदीत किंवा शहराच्या सांडपाण्यात औषधाचे प्रमाण फारच सूक्ष्म असते. लिटरमागे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाइतके किंवा त्याहूनही कमी. एवढ्याशा औषधाने पाणी पिणाऱ्याचे काय बिघडणार? शंका रास्त आहे. असे पाणी प्यायल्याने माणसाला लगेच विषबाधा होईल, असे कोणी म्हणत नाही. काळजी वेगळीच आहे. पाण्यात आणि गाळात असंख्य जंतू असतात. औषध भरपूर असेल तर ते मरतात. अल्प असेल तर त्यांतील दुबळे मागे पडतात आणि ज्यांच्या अंगी औषध सोसण्याची शक्ती आहे, ते वाढीस लागतात. ही जणू जंतूंची तालीमच होय. त्यातही विशेष म्हणजे जंतू आपली ही विद्या केवळ वंशजांनाच देतात असे नाही. आनुवंशिक द्रव्याच्या लहानशा वलयांच्या रूपाने ते ती शेजारच्या, वेगळ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतात. ओढ्यातील निरुपद्रवी जंतू जे शिकला, ते उद्या आतड्यातील रोगजंतूला अवगत होऊ शकते. मग घरातील मूल तापाने फणफणले असता डॉक्टर जे औषध देतील, त्याला रोग बधणार नाही. त्या मुलाने ते औषध पूर्वी कधी घेतलेले नसेल, तरीही!

आता प्रश्न असा, की शहराच्या शुद्धीकरण केंद्रांत हे औषध नाहीसे का होत नाही? याचे उत्तर त्या केंद्रांच्या हेतूत आहे. निवळणीच्या हौदात गाळ खाली बसतो; परंतु औषध पाण्यात विरघळलेले असल्यामुळे ते बसत नाही. हवा खेळवलेल्या हौदात उपकारक जंतू मैला खाऊन टाकतात. परंतु अनेक प्रतिजैविके त्यांना सहजासहजी पचत नाहीत, कारण जंतूंना पचू नयेत अशीच त्यांची घडण असते. क्लोरीन जंतू मारण्यासाठी घातला जातो, औषध वेचण्यासाठी नव्हे. घरी पाणी उकळल्याने रोगजंतू मरतात आणि ते उकळलेच पाहिजे; तथापि विरघळलेले औषध उकळण्याने दूर होईल, असा भरवसा धरता येत नाही. वस्त्रगाळ केल्यानेही ते अडत नाही. अशा वेळी जो पदार्थ उपयोगी पडतो, तोच आपला कोळसा.

कोळशाचा हा गुण नवा नाही. १७८५ साली टोबियास लोविट्झ या रसायनज्ञाने लाकडी कोळशाने द्रावणांचा रंग जातो, असे दाखवून दिले. एकोणिसाव्या शतकात साखरेचे कारखानदार हाडांच्या कोळशातून पाक गाळून तो पांढरा करू लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी कोळशाची ही शक्ती कृत्रिम रीतीने वाढविण्याच्या पद्धतींचे हक्क युरोपात नोंदले गेले. पहिल्या महायुद्धात विषारी वायूंपासून सैनिकांचा बचाव करण्यासाठी मुखवट्यांत हाच कोळसा भरला गेला. अमेरिकेत तर त्यासाठी नारळाच्या करवंट्या आणि फळांच्या कोयी गोळा करण्यात आल्या. पुढे पिण्याच्या पाण्याची वाईट चव आणि वास घालविण्यासाठी शहरांच्या जलकेंद्रांनी त्याचा अंगीकार केला.

हा कोळसा चुलीतील कोळशाहून निराळा असतो. त्याला सक्रिय कोळसा म्हणतात. नारळाची करवंटी, लाकूड किंवा दगडी कोळसा प्रथम हवा कोंडून तापवितात, म्हणजे तो न जळता केवळ कर्ब शिल्लक राहतो. नंतर तो ८०० ते १००० अंश सेल्सिअस इतक्या उष्णतेत वाफेच्या संपर्कात आणतात. वाफ कर्बाचा काही भाग खाऊन टाकते आणि आत अगणित सूक्ष्म छिद्रे पाडते. छिद्रातून छिद्र, त्यातून आणखी बारीक छिद्र, अशी ती रचना असते. या सर्व छिद्रांच्या भिंती उलगडून पसरल्या, तर एका ग्रॅम कोळशाचे पृष्ठफळ सुमारे एक हजार चौरस मीटर भरते. आपल्या परिचित मापात सांगावयाचे तर चिमूटभर, म्हणजे एक ग्रॅम, कोळशात जवळजवळ दहा गुंठे जागा असते आणि चार ग्रॅमांत एक एकर! औषधाचे रेणू येऊन बसतात ते या जागेवर.

येथे ‘बसतात’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. कापड पाण्यात बुडविले तर पाणी त्याच्या धाग्याधाग्यांत मुरते. त्याला आपण शोषण म्हणतो. गवतातून चालताना धोतराला कुसळे चिकटतात. ती धाग्यात मुरत नाहीत, पृष्ठभागावर धरून राहतात. कोळशाचे काम या दुसऱ्या प्रकारचे आहे. त्याला शास्त्रीय भाषेत अधिशोषण म्हणतात. कोळशातील कर्बाचे अणू सपाट षट्कोनी जाळीत मांडलेले असतात, आणि अनेक प्रतिजैविकांच्या रेणूंतही तशीच सपाट कडी असतात. दोन सपाट पाट एकमेकांवर बसावेत, तशी ही कडी जाळीवर बसतात. शिवाय जे रेणू पाण्यात फारसे रमत नाहीत, ते तर पाणी सोडून कोळशाचाच आश्रय घेतात. सिप्रोफ्लॉक्सासिनचा रेणू करवंटीच्या कोळशातील बारीक छिद्रांत सामावू शकतो. एरिथ्रोमायसिनसारख्या थोराड रेणूंना लाकडाच्या कोळशातील रुंद छिद्रे अधिक मानवतात. म्हणून कोणते पाणी, त्यात कोणते औषध, हे पाहूनच कोळसा निवडावा लागतो.

त्याचा उपयोग करण्याचे दोन प्रकार आहेत. एक म्हणजे कोळशाची भुकटी. लिटरमागे दहा-वीस मिलिग्रॅम भुकटी शुद्ध केलेल्या सांडपाण्यात ढवळतात, औषध तिला चिकटू देतात आणि मग ती गाळून वेगळी करतात. दुसरा प्रकार म्हणजे कोळशाच्या दाण्यांनी भरलेला उंच स्तंभ. पाणी त्यातून सावकाश, साधारणपणे दहा मिनिटे ते अर्धा तास स्पर्श होईल अशा बेताने, सोडतात. कारखान्यात असे दोन स्तंभ एकापुढे एक ठेवणे शहाणपणाचे असते. पहिला भरत आला तरी दुसरा पहाऱ्यावर असतो. पहिला थकला की तो काढून घ्यावा, दुसऱ्याला पुढे आणावे आणि त्याच्या मागे ताजा स्तंभ उभा करावा.

कारण कोळसाही थकतो. टिपकागद जसा शाईने भरला की आणखी शाई टिपत नाही, तसे कोळशाच्या दहा गुंठ्यांतील सर्व जागा व्यापल्या गेल्या, की औषध सरळ पलीकडे निघून जाते. पाणी दिसायला तसेच स्वच्छ दिसते, म्हणून हा क्षण डोळ्यांना कळत नाही. वेळोवेळी पाण्याची परीक्षा करूनच तो ओळखावा लागतो. दुसरी मर्यादा अशी, की पाण्यातील कुजलेल्या पानांचे, मैल्याचे अंशही त्याच जागांसाठी झगडतात. गढूळ पाणी थेट कोळशावर सोडले, तर औषधाची पाळी येण्याआधीच कोळसा भरून जाईल. म्हणून आधी निवळणे, मग जंतूंकरवी मैला पचविणे, मग गाळणे आणि शेवटी कोळसा, असाच क्रम राखावा लागतो. तिसरे असे, की सर्व औषधे सारख्याच आवडीने कोळशाला चिकटत नाहीत. सल्फामेथॉक्साझोलसारखी काही औषधे लवकर निसटतात. आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: कोळसा औषध पकडतो, नष्ट करीत नाही. भरलेला कोळसा उकिरड्यावर फेकला, तर पकडलेला चोर गावाच्या वेशीवर सोडून दिल्यासारखे होईल. तो पुन्हा भट्टीत तापवून शुद्ध केला पाहिजे, नाहीतर योग्य भट्टीत जाळला पाहिजे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. जे जंतू आधीच निर्ढावले आहेत, त्यांचा बंदोबस्त कोळशाने होत नाही. २०१० साली दिल्लीत पाण्याचे नमुने घेण्यात आले होते. रस्त्यावरील साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ नमुन्यांत आणि नळाच्या पाण्याच्या ५० पैकी २ नमुन्यांत, अत्यंत प्रभावी प्रतिजैविकांनाही निष्प्रभ करणारे एक जनुक आढळले. जनुक म्हणजे आनुवंशिक गुणाची खूण. अशा जंतूंसाठी क्लोरीन, अतिनील किरण, उकळणे हेच उपाय आहेत. आणि मैल्याचे पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळू न देणे हा सर्वांत थोर उपाय होय.

मग कोळशाचा पहारा बसवावयाचा कोठे? या प्रश्नाच्या उत्तरातच सगळे मर्म आहे. आपल्या स्वयंपाकघरातील नळाला पोहोचेपर्यंत औषध अफाट पाण्यात पसरलेले असते, आणि वाटेत जंतूंची तालीम होऊन गेलेली असते. कारखान्याच्या नाल्याच्या तोंडाशी मात्र पाणी थोडे आणि औषध दाट असते. मुसळधार पावसाचे पाणी नदीत अडविण्यापेक्षा शेताच्या बांधावर अडविणे सोपे, हे कोणताही शेतकरी सांगेल. म्हणून पहिला पहारा कारखान्यात, दुसरा मोठ्या रुग्णालयांच्या सांडपाण्यावर आणि तिसरा शहरांच्या मैलापाणी केंद्रांत असावा.

इतर देशांनी या दिशेने पावले टाकली आहेत. स्वित्झर्लंडमध्ये २०१६ पासून अमलात आलेल्या कायद्याने निवडक मोठ्या केंद्रांवर बंधन घातले, की सक्रिय कोळसा किंवा ओझोन वायू यांच्या साहाय्याने औषधांसारखी सूक्ष्म द्रव्ये ८० टक्के तरी काढली गेली पाहिजेत. युरोपीय संघाने २०२४ साली संमत केलेल्या निर्देशात अशा अधिकच्या शुद्धीकरणाचा बहुतांश खर्च औषधे आणि सौंदर्यप्रसाधने तयार करणाऱ्यांनी उचलावा, असे तत्त्व मांडले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिजैविकांच्या कारखान्यांतील सांडपाण्याविषयी प्रथमच मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. आपल्या देशात केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०२० मध्ये काढलेल्या मसुद्यात कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांच्या कमाल मर्यादा सुचविल्या होत्या. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत मात्र त्या मर्यादांचा समावेश झाला नाही. जगातील कोट्यवधी रुग्णांना स्वस्त औषध पुरविणारा देश म्हणून आपला लौकिक आहे. औषध जितके स्वस्त, तितकेच ते तयार करणारे पाणीही निर्मळ असावे, ही अपेक्षा त्या लौकिकाला शोभणारीच आहे. आणि साधनसामग्रीसाठी आपल्याला दूर जावयास नको. केरळ, तमिळनाडू, कर्नाटक, आंध्र, गोवा आणि आपले कोकण येथील नारळाच्या करवंट्या आपल्याच आहेत. त्यांपासून केलेला सक्रिय कोळसा आपला देश परदेशांतही पाठवितो.

आता आपल्या घराकडे वळू. पुष्कळ घरांतील जलशुद्धी यंत्रांत सक्रिय कोळशाची नळी असते. तिचा उपयोग आहे, पण तिचे नियम पाळले तरच. ठरलेल्या मुदतीत ती बदलावी. चव चांगली लागते म्हणून मुदत वाढवू नये. कोळसा पाण्यातील क्लोरीनही काढून घेतो, त्यामुळे त्याच्यातून आलेल्या पाण्यात जंतू वाढण्यास मोकळीक मिळते. म्हणून नुसत्या कोळशातून गाळलेले पाणी जंतुरहित समजू नये. ते उकळावे, किंवा यंत्रात कोळशानंतर जंतुनाशाची सोय असल्याची खात्री करून घ्यावी. घर काही दिवस बंद राहिले असेल, तर प्रथम काही लिटर पाणी वाहू देऊन मगच पिण्यास घ्यावे. आणि चुलीतील कोळसा मडक्यात घालून सक्रिय कोळशाचे काम होईल, असे समजू नये; दोहोंत फार अंतर आहे.

परंतु घरातील खरा पहारा यंत्राचा नव्हे, माणसांचा आहे. पुढील चार गोष्टी प्रत्येक कुटुंबाच्या हातच्या आहेत.

पहिली गोष्ट, प्रतिजैविक डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेऊ नये. ज्या औषधाच्या पट्टीवर डाव्या बाजूला उभी लाल रेघ असते, ते स्वतःच्या मनाने घ्यावयाचे नाही, असाच तिचा अर्थ आहे. सर्दी, पडसे आणि फ्लू हे विषाणूंचे विकार आहेत. त्यांवर प्रतिजैविकांचा काडीचाही उपयोग होत नाही. न घेतलेली गोळी शरीरातून गटारात जात नाही, हा तिचा आणखी एक लाभ.

दुसरी गोष्ट, सांगितलेली मात्रा सांगितलेल्या दिवसांपर्यंत घ्यावी. बरे वाटले म्हणून मधेच सोडू नये आणि उरलेल्या गोळ्या शेजारच्या काकूंच्या खोकल्यासाठी देऊ नयेत. ही माया नव्हे, गैरसमज आहे.

तिसरी गोष्ट, उरलेली वा मुदत संपलेली औषधे मोरीत, शौचकूपात, विहिरीत किंवा ओढ्यात टाकू नयेत. २०१६ च्या घनकचरा नियमांनी अशा औषधांची गणना घरगुती घातक कचऱ्यात केली. केरळात त्यांच्या संकलनासाठी स्वतंत्र योजना राबविण्यात आली आहे. आपल्या नगरपालिकेने वा औषधविक्रेत्याने अशी सोय केली आहे का, याची चौकशी करावी. सोय नसेल, तर गोळ्या वापरलेल्या चहाच्या चोथ्यात मिसळून, घट्ट बांधून, वेगळ्या खुणेच्या पिशवीत कचरा गोळा करणाऱ्याकडे द्याव्यात. आणि अशी सोय व्हावी म्हणून नगरसेवकाला चार ओळींचे पत्रही लिहावे.

चौथी गोष्ट ज्यांच्याकडे गाईगुरे, कोंबड्या किंवा मत्स्यतळी आहेत त्यांच्यासाठी. जनावर लवकर वाढावे म्हणून प्रतिजैविक खाऊ घालू नये. आजारी जनावराला पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावे. माणसाच्या अखेरच्या उपायांत मोडणारे कोलिस्टिन हे औषध अन्नासाठी पाळलेल्या पशुपक्ष्यांना देण्यावर केंद्र सरकारने २०१९ साली बंदी घातली, ती याच कारणास्तव.

वाचकहो, कोळसा हा इमानी पहारेकरी आहे, यात शंका नाही. परंतु दार उघडे टाकून पहारेकऱ्यावर सारा भार टाकणारे घर सुरक्षित राहत नाही. कारखान्याने आपल्या नाल्यावर कोळशाचे स्तंभ उभारावेत, शासनाने त्यांचे पाणी नियमाने तपासावे आणि आपण घराघरांत औषधाचा मान राखावा. या तिन्ही गोष्टी जुळून आल्या, तर आपल्या आजोबांच्या पिढीला ज्या औषधांनी प्रथम जीवदान दिले, ती आपल्या नातवंडांच्या तापालाही उतार देतील. आज औषधांच्या कपाटात एखादी अर्धी उरलेली पट्टी असेल, तर ती काढून तिच्यावरील लाल रेघ आणि मुदत पाहावी. आरंभ तेथूनच करता येईल.